डिझेल गाडीचा ईजीआर व्हॉल्व्ह: किती किलोमीटरला साफ करावा, आणि कसा?

नीरा_काठ
नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट १.३ डिझेल, बीएस-४, वापर जवळजवळ सगळा पुण्यातल्या पुण्यात. चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर पी०४०१ येतो (ईजीआरचा, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या वाटेचा, प्रवाह अपुरा). कोड पुसला की काही दिवसांनी पुन्हा हजर. तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमच्या आसपास ओढ नाही, आणि जोरात दाबलं की मागून काळा भपका.

गॅरेजवाल्यांची तीन मतं पडली. एक म्हणतो दर ४०,०००ला काढून साफ करायचाच. दुसरा म्हणतो काढायचा कशाला, चालू इंजिनात स्प्रे मारून देतो. तिसरा म्हणतो पत्रा टाकून कायमचा बंद करू, कटकटच नको.

तर प्रश्न असा, की ठरावीक अंतराला सफाई खरंच लागते का? आणि लागत असेल तर नीट पद्धत कोणती? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

टॉर्कपाना
अजून पाना हातात घेऊ नका. तुमची दोन लक्षणं एकमेकांशी जुळत नाहीत, आधी त्याचा छडा लावू.

पी०४०१ म्हणजे धूर कमी परत येतोय. धूर कमी आला तर सिलिंडरमध्ये ताजी हवा जास्त जाते, मग काळा भपका यायचं कारण नाही. भपका येतो तो व्हॉल्व्ह उघडा अडकला तर, किंवा टर्बोची हवा वाटेत कुठे गळत असेल तर. या दुसऱ्या शक्यतेत एक मेख आहे. ईसीयू (इंजिनाचा संगणक) ईजीआरचा प्रवाह थेट मोजत नाही. एअर फिल्टरनंतर एमएएफ सेन्सर असतो, तो ताजी हवा मोजतो. ईजीआर उघडला की ताजी हवा तेवढी कमी व्हायला हवी, आणि ती अपेक्षेइतकी कमी झाली नाही की पी०४०१. आता इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली हवा गार करणारा भाग) होज पाइप फाटलेला असेल, तर एमएएफमधून गेलेली हवा इंजिनात न पोचता बाहेर फुस्स होते. एमएएफचा आकडा मोठाच राहतो, ईसीयूला वाटतं ईजीआर उघडत नाहीये, आणि तिकडे इंजिन हवेविना काळा धूर ओकतं. एकाच फाटक्या पाइपाने दोन्ही लक्षणं दिसू शकतात.

म्हणून आधी टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते इनटेक, हे दोन्ही पाइप काढून वाकवून बघा. चीर बहुतेक वेळा क्लिपच्या कडेला किंवा खालच्या बाजूला असते, वरून दिसत नाही. बाहेरून तेलाचा ओला, धूळ चिकटलेला पट्टा दिसला तर गळती तिथेच आहे.

घाटमाथा
+१. एअर फिल्टरही उघडून बघा. दोनशे-चारशेच्या वस्तूसाठी ईजीआर खोलणारे कमी नाहीत.

थर्मो_ताई
मूळ गोष्ट मांडते, म्हणजे पुढची चर्चा सोपी जाईल.

डिझेल इंजिनात हवा नेहमीच गरजेपेक्षा जास्त असते. ज्वलनाचं तापमान फार चढलं की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडं होतात. थोडा धूर परत इनटेकमध्ये सोडला, तर ऑक्सिजनचं प्रमाण घटतं, शिवाय धुरातला कार्बन डायऑक्साइड आणि वाफ उष्णता शोषून घेतात. तापमानाचं शिखर खाली येतं. ईजीआरचं काम एवढंच. तो आयडलिंगला आणि हलक्या भाराला उघडा असतो, पूर्ण भाराला बंद. त्यामुळे ‘ईजीआरमुळे गाडीची पूर्ण ताकद मिळत नाही’ हे चांगल्या स्थितीतल्या व्हॉल्व्हबद्दल खरं नाही.

आता तो तुंबतो का? नुसती काजळी कोरडी असते, ती वाऱ्याने बरीचशी पुढे जाते. पण क्रँककेसच्या ब्रीदर पाइपातून तेलाची वाफ त्याच इनटेकमध्ये येते. तेल आणि काजळी एकत्र आली की डांबरासारखा लेप बसतो. इंजिन थंड असताना त्यात पाण्याचा अंश मिसळतो. सिग्नलवरचं आयडलिंग, दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या, कायम वरच्या गिअरमध्ये १२००-१३००वर रेटणं, यातल्या प्रत्येक गोष्टीत ईजीआर जास्तीत जास्त उघडा असतो आणि धूर सगळ्यात गार. शहरातली गाडी लवकर तुंबते ती यामुळे. पुणे-सातारा रोज करणारी तीच गाडी दुप्पट किलोमीटरनंतरही बरी निघते.

यातूनच दुसरा मुद्दा निघतो. व्हॉल्व्ह साफ केला पण ब्रीदरमधून तेल भरपूर येत असेल, तर लेप पुन्हा बसणार. डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेच्या वर भरलेलं असणं हे त्याचं सगळ्यात साधं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे.

नीरा_काठ
धन्यवाद ताई, टॉर्कपाना. व्हॉल्व्ह खरंच अडकलाय की नाही, हे न खोलता कळतं का? ब्लूटूथचा ईएलएम३२७ (मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर) आहे.

टॉर्कपाना
कळतं, आणि तेवढं यंत्र पुरतं. इंजिन पूर्ण गरम करा, एसी बंद. ॲपमध्ये एमएएफचा ग्रॅम प्रतिसेकंद आकडा लावा. आता अपेक्षित आकडा काढू.

इंजिन १२४८ सीसी, एका सिलिंडरला ३१२. पुण्याची उंची साधारण ५६० मीटर. ३५ अंशाला तिथे लिटरभर हवा सुमारे १.०७ ग्रॅम भरते. म्हणजे सिलिंडर काठोकाठ भरला तर ०.३३ ग्रॅम. काठोकाठ तो भरत नाही, ८५ ते ९० टक्के धरा, ०.२९ झाले. ८५० आरपीएमला चार सिलिंडर मिळून मिनिटाला १७०० वेळा हवा ओढतात, सेकंदाला २८ वेळा. गुणाकार ८ च्या थोडा वर. ईजीआर बंद असताना एमएएफने एवढं दाखवायला हवं. ईजीआर उघडा असेल तर हाच आकडा ५ ते ६ वर उतरतो.

आता एकदा व्हॉल्व्हचा कपलर (वायरचा प्लग) लावून आकडा घ्या, एकदा काढून. कपलर काढला की स्प्रिंगने व्हॉल्व्ह बंद होतो. दोन्ही वेळा ८ च्या आसपास: व्हॉल्व्ह उघडत नाही किंवा वाट तुंबली. दोन्ही वेळा ५-६: व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय. कपलर लावून ५-६ आणि काढून ८: व्हॉल्व्ह चालतोय, दोष दुसरीकडे शोधा.

दोन सूचना. बरेच ईसीयू काही मिनिटं आयडलिंग झालं की ईजीआर आपणहून बंद करतात. म्हणून ॲक्सिलरेटरला एक टिचकी मारून आयडलिंगला आल्यावर पहिल्या मिनिटातच आकडा वाचा. आणि कपलर काढल्याने पी०४०३ सारखा नवा कोड पडेल, तो शेवटी पुसायचा.

हायवे_४८
हिशेब आवडला. पण प्रत्येकाने कुठे एवढं करायचं? बाजारात इनटेक क्लीनरचे स्प्रे मिळतात. इंजिन २००० आरपीएमवर ठेवून एअर पाइपातून थोडा थोडा फवारा मारला की लेप सुटतो. खोलाखोली नाही, गॅस्केट नाही.

इंजेक्टर_काका
@हायवे_४८, याला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि कारणं देतो.

एक, पेट्रोल इंजिनात थ्रॉटल आणि स्पार्क हातात असतात. डिझेलमध्ये हवेबरोबर ज्वलनशील काही गेलं की ते इंधनच. फवारा जास्त झाला तर इंजिन आपसूक चढतं, आणि किल्ली बंद केली तरी उतरत नाही. दोन, एमएएफच्या आधी मारला तर सेन्सर खराब होतो, टर्बोच्या आधी मारला तर थेंब लाखभर आरपीएमच्या पंख्यावर आदळतात. तीन, लेप सुटतो म्हणजे नाहीसा होत नाही. त्याचे तुकडे इनटेक व्हॉल्व्हच्या सीटवर अडकू शकतात, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत ते तिकडे जाऊन बसतात. आणि मुख्य म्हणजे ईजीआरची घाण असते ती व्हॉल्व्हच्या धुराकडच्या बाजूला आणि ईजीआर कूलरकडच्या (परत येणारा धूर गार करणारा भाग) पाइपात. हवेच्या पाइपातून मारलेला फवारा तिथपर्यंत पोचतच नाही.

काढूनच साफ करावा. माझी पद्धत लिहितो.

आदल्या रात्री बोल्टांवर रस्ट पेनेट्रंट मारून ठेवायचं. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना काम सुरू. किल्ली काढा, १०-१५ मिनिटं थांबा म्हणजे ईसीयू झोपी जातो, मग बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. मोबाइलवर प्रत्येक कपलरचा, क्लिपचा फोटो घ्या. हवेचा पाइप काढला की उघड्या तोंडात स्वच्छ कापड कोंबा, त्याचं शेपूट बाहेर लोंबतं ठेवा. किती कापडं आत गेली ते मोजून ठेवा आणि तेवढीच बाहेर काढा.

कपलर वायरला धरून ओढायचा नाही. आधी रंगीत लॉक सरकवा, मग दाबून काढा. बोल्ट सुटत नसेल तर लांब पाइप लावून जोर करू नका. आधी केसभर घट्ट करा, मग सैल, पुन्हा घट्ट, असं खेळवत काढा. डोक्यावर हातोडीची हलकी टिचकी मदत करते. एम६ चा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये तुटला, तर ईजीआरचं काम बाजूला राहतं आणि गाडी ड्रिलिंग-टॅपिंगला जाते. व्हॉल्व्हला कूलंटचे होज असतील तर ते चिमटून धरा, खाली भांडं ठेवा, पाव लिटरभर सांडेल. नंतर तेवढंच त्याच प्रकारचं कूलंट भरून एअर काढायची.

व्हॉल्व्ह हातात आला की आधी कोरडं खरवडा. आइस्क्रीमची लाकडी काडी किंवा बांबूची पट्टी उत्तम. मग मोटर वरच्या बाजूला आणि धुराचं तोंड खाली धरून कार्ब क्लीनर मारा. हे धरण्याचं तंत्र महत्त्वाचं आहे. उलट धरलात तर विरघळलेली काजळी दांड्याच्या बुशातून मोटरीत उतरते आणि साफ केलेला व्हॉल्व्ह आठवड्यात मरतो. १०-१५ मिनिटं मुरू द्या, नायलॉनच्या टूथब्रशने घासा, पुसा, पुन्हा. तीन-चार फेऱ्या लागतात. व्हॉल्व्हची सीट आणि दांड्याचा निमुळता भाग यांना पॉलिश पेपर, तारेचा ब्रश लावायचा नाही. तिथे ओरखडा पडला की व्हॉल्व्ह कायमचा गळका.

दांडा हलतो का बघताना प्रकार ओळखा. सोलेनॉइडचा असेल तर बोटाने स्प्रिंगविरुद्ध हळू दाबता येतो, आणि सोडला की ‘टक्’ करून पूर्ण बसायला हवा. मोटर आणि गिअरचा असेल तर बोटाने किंवा स्क्रूड्रायव्हरने रेटू नका, आत प्लास्टिकचे दाते असतात. तो स्कॅनरच्या ॲक्चुएटर टेस्टनेच चालवा.

मग गळती तपासा. व्हॉल्व्ह बंद स्थितीत, धुराच्या तोंडात रॉकेल किंवा डिझेल ओता आणि पाच मिनिटं बघा. सीटच्या कडेला ओल दिसली तर चालेल. थेंब ओघळत असतील तर पुन्हा साफ करा. तरीही ओघळत असतील तर सीट झिजलीय, नवा व्हॉल्व्ह घ्या.

बसवताना गॅस्केट नवंच. पत्र्याच्या गॅस्केटवरची उभट कड एकदाच दबते. सिलिकॉन पेस्ट लावू नका, धुराच्या उष्णतेला ती टिकत नाही आणि तुकडे आत जातात. सगळे बोल्ट आधी हाताने, मग आलटून पालटून दोन टप्प्यांत. मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर तोच पाळा. नाहीतर एम६ ला ८ ते १० आणि एम८ ला २० ते २५ न्यूटन-मीटरच्या वर जाऊ नका. बॅटरी जोडली की स्टार्ट न मारता किल्ली ३० सेकंद ऑन, मग ऑफ करून अर्धा मिनिट, असं दोनदा. बऱ्याच गाड्या यात व्हॉल्व्हची बंद जागा शिकून घेतात. काही गाड्यांना, विशेषतः नवा व्हॉल्व्ह घातल्यावर, स्कॅनरने ॲडाप्टेशन द्यावंच लागतं. ते न दिल्यास पी०४०४ पडतो आणि माणूस नव्या व्हॉल्व्हला दोष देतो.

सांगलीचा_स्पॅनर
काका, या पोस्टची प्रिंट काढून गॅरेजच्या भिंतीवर लावावी अशी आहे. फक्त टूथब्रश नवा विकत आणा, घरातला उचललात तर संध्याकाळी हिशेब द्यावा लागेल.

एक भर घालतो. व्हॉल्व्ह चकाचक करून लोक थांबतात, आणि कोड पुन्हा येतो. कारण व्हॉल्व्ह जिथे बसतो तिथलं इनटेक मॅनिफोल्डचं भोक तुंबलेलं असतं. टॉर्च मारून बघा. खरवडताना शेजारी व्हॅक्यूम क्लीनरला बारीक नळी लावून चालू ठेवा, म्हणजे तुकडे आत न पडता ओढले जातात. शेजारच्या थ्रॉटल फ्लॅपच्या कडेलाही तोच लेप असतो.

निळी_इंडिका
ओव्हन क्लीनरने दहा मिनिटांत लख्ख होतो असे व्हिडिओ आहेत. वापरावं का?

थर्मो_ताई
नको. त्यात बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा असतो. ईजीआरचं बाहेरचं अंग बहुधा ॲल्युमिनियमचं. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं आणि त्यात हायड्रोजन सुटतो. लख्ख दिसतं ते धातूचं वरचं कातडं गेल्यामुळे. गॅस्केट बसायची सपाट बाजू खडबडीत झाली की तिथून धूर गळणार. मेटल क्लीनिंगची ॲसिडं, संडास साफ करायचं ॲसिड यांनाही हाच नियम.

कार्ब क्लीनर, थ्रॉटल बॉडी क्लीनर, ईजीआरसाठीचा खास स्प्रे, किंवा साधं डिझेल चालतं. डिझेलमध्ये फक्त धातूचा भाग रात्रभर बुडवला तर जाड थर मऊ पडतो. मोटर वेगळी होत नसेल तर बुडवू नका.

आणि काळजी घ्या. कार्ब क्लीनर पेट घेतो, वाफा डोक्यात जातात. उघड्यावर काम करा, नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, मास्क वापरा. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केलं आहे. वाळलेली काजळी हवेच्या पाइपाने फुंकून अंगावर घेऊ नका, आधी ओली करून पुसा. काळं पाणी गटारात ओतू नका, जळक्या तेलाच्या डब्यात टाका.

रत्नांग्रीकर
जुन्या इनोव्हाला (२.५ डी-४डी) मोटर दिसत नाही, वर तबकडी आणि बारीक होज आहे. तिला हीच पद्धत का?

इंजेक्टर_काका
सफाई तीच, तपासणी वेगळी. तो व्हॅक्यूमवर चालणारा. तबकडीत रबरी पडदा असतो. इंजिन बंद ठेवून बारीक होज काढा, तिथे हाताचा व्हॅक्यूम पंप लावून ओढा. पंप नसेल तर ६० मिलिलिटरची सिरिंज आणि पाइपाचा तुकडा चालतो. दांडा वर उचलला गेला पाहिजे आणि निदान अर्धा मिनिट तिथेच थांबला पाहिजे. हळूहळू खाली आला तर पडदा फाटलाय, साफ करून उपयोग नाही. दांडा उचलला गेला आणि थांबला, तर व्हॉल्व्ह ठीक. मग व्हॅक्यूम सोडणारा सोलेनॉइड आणि बारीक होज बघा. हे होज उन्हाने कडक होऊन टोकाला चिरतात. टोक सेंटिमीटरभर कापून परत बसवलं तरी कधी कधी काम होतं. पडद्याच्या बाजूला कार्ब क्लीनर जाऊ देऊ नका, रबर फुगतं.

निळी_इंडिका
मला अजून पटत नाहीये की एवढा खटाटोप का. बीएस-३ च्या कितीतरी गाड्यांना पत्र्याची डमी प्लेट टाकलेली आहे, इनटेक स्वच्छ राहतो, ओढ सुधारते, पीयूसीही पास होते. इंजिनाला आपलीच घाण खायला घालण्यात काय अर्थ?

टॉर्कपाना
इनटेक स्वच्छ राहतो हे खरं, ते नाकारत नाही. बाकीचं तपासू.

ओढ सुधारते ती आधी व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असेल तर. चांगल्या व्हॉल्व्हवर प्लेट टाकून पूर्ण दाबल्यावर फरक पडत नाही, कारण तेव्हा तो बंदच असतो. एमएएफवर नजर ठेवणाऱ्या गाडीत प्लेट टाकली की पी०४०१ येणारच. मग प्लेटला ८ मिलिमीटरचं भोक पाड, मग सॉफ्टवेअर बदल, हे शेपूट लांबतच जातं. इंजेक्शनचं टायमिंग ईजीआर गृहीत धरून ठरवलेलं असतं. तो काढला की हलक्या भाराला ज्वलन जास्त टणक होतं, गार इंजिनाचा ‘टकटक’ आवाज वाढतो.

पीयूसीचं कारण साधं आहे. डिझेलच्या पीयूसीत धुराचा फक्त काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. ईजीआर बंद केल्याने वाढतं तेच नेमकं तिथे दिसत नाही. बीएस-४ डिझेल कारला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅम होती, बीएस-६ ला ती ०.०८ झाली. पूर्ण यंत्रणेच्या जोरावर गाठलेला आकडा एका पत्र्याने घालवायचा? शिवाय कायद्याने हा फेरफार आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली प्रदूषणाच्या निकषभंगाला २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स जाण्याची तरतूद आहे.

थर्मो_ताई
कायदा बाजूला ठेवला तरी, तो वायू सिग्नलला मागे उभ्या असलेल्या दुचाकीवरच्या पोराच्या नाकात जातो. उन्हात त्यापासूनच जमिनीलगतचा ओझोन बनतो. दम्याच्या माणसाला हे सगळ्यात आधी कळतं. यावर माझी तडजोड नाही.

म्युनिकचा_मावळा
इकडे जर्मनीत ईजीआर निष्क्रिय केला तर गाडीला रस्त्यावर चालवायची मंजुरीच रद्द होते. दोन वर्षांनी होणाऱ्या तपासणीत ओबीडी (गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड) वाचतात. १ जुलै २०२३ पासून युरो-६ डिझेलच्या धुरातले कणही मोजतात, घनसेंटिमीटरला २,५०,००० च्या वर गेले की नापास. त्यामुळे इथले लोक व्हॉल्व्ह आणि कूलर एकत्रच काढून साफ करून घेतात.

कूलरबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. कूलंट हळूहळू कमी होतंय, बाहेर कुठे थेंब नाही, सकाळी पांढरा गोडसर वासाचा धूर, अशी लक्षणं असली तर ईजीआर कूलर आतून फुटलाय असं समजा. ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. दक्षिण कोरियात २०१८ साली बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांना आगी लागल्या त्या याच वाटेने: कूलरमधून गळलेलं कूलंट काजळी-तेलाच्या लेपात मुरलं, गरम धुराने तो लेप पेटला आणि प्लास्टिकचा इनटेक वितळला. लाखाहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या. व्हॉल्व्ह काढल्यावर कूलरच्या तोंडाशी ओली, चिकट, फिकट हिरवी-गुलाबी झाक असलेली काजळी दिसली, तर साफ करून परत बसवू नका. कूलर बदला.

घाटमाथा
बीएस-६ वाल्यांनो, तुमच्याकडे डीपीएफही आहे. ईजीआर उघडा अडकला की काजळी वाढते, डीपीएफ लवकर भरतो, रीजनरेशन (साठलेली काजळी जाळून फिल्टर मोकळा करणं) सारखं होतं, अर्धवट तुटलेल्या रीजनरेशनमुळे डिझेल तेलात उतरतं आणि डिपस्टिकची पातळी चढते. ‘तेल वाढलंय’ ही तक्रार आली तर आधी ईजीआरचा आकडा बघा. आणि तेल कमी राखेचंच घाला, मॅन्युअलमध्ये एसीईए सी३ किंवा जे काही दिलं असेल ते.

हायवे_४८
काकांची कारणं पटली, स्प्रेचं मत मागे घेतो. पण मग महामार्गावर खेचून चालवली की ईजीआर साफ होतो, यात तथ्य किती?

टॉर्कपाना
थोडं. २५०० ते ३००० आरपीएमवर वीसेक मिनिटं चालवली की धूर तापतो, ओला लेप वाळतो, त्यातला सैल भाग निघून जातो. नवीन थर बसायचा वेग कमी होतो. कडक झालेला थर यातून निघत नाही, आणि अडकलेला दांडा सुटत नाही. खंबाटकी चढताना गिअर एक खाली ठेवून इंजिन मोकळं फिरू द्या, एवढी सवय पुरे. डिझेलमधली ॲडिटिव्हं इंजेक्टरसाठी ठीक. ईजीआरपर्यंत पोचतो तो जळून गेलेला धूर, डिझेल तिथे जातच नाही.

नीरा_काठ
सगळं तपासलं, आकडे देतो. आयडलिंग ८५०. कपलर लावून ८.०, काढून ८.२. इंटरकूलरच्या खालच्या पाइपाला क्लिपजवळ बोटभर चीर, बाहेरून तेलकट. डिपस्टिक वरच्या खुणेच्या वर.

पाइप बदलला, काळा भपका तिथेच थांबला. पण आयडलिंगचे आकडे तसेच होते, म्हणून व्हॉल्व्ह काकांच्या पद्धतीने काढला. दांडा सोडल्यावर ‘टक्’ न होता अर्ध्यावर रेंगाळत होता, आणि सांगलीकर म्हणाले तसं मॅनिफोल्डचं भोक पेन्सिल जेमतेम जाईल एवढंच उरलं होतं. दोन्ही साफ करून, नवं गॅस्केट घालून आता कपलर लावून ५.७, काढून ८.२. रॉकेलच्या चाचणीत फक्त ओल.

इंजेक्टर_काका
शाब्बास. दोन वेगळे दोष होते आणि दोन्ही सापडले. नुसता व्हॉल्व्ह साफ केला असता तर भपका राहिला असता, नुसता पाइप बदलला असता तर कोड. जास्तीचं तेल काढून पातळी दोन खुणांच्या मध्ये आणा. ब्रीदरचा होज आतून तुंबला नाही ना तेही बघा.

रत्नांग्रीकर
मूळ प्रश्न राहिलाच की. किती किलोमीटरला?

टॉर्कपाना
नुसत्या किलोमीटरवर ठरवू नये. दर सर्व्हिसला कपलर लावून-काढून एमएएफचे दोन आकडे घ्या आणि सर्व्हिस बुकात लिहा. नीरा_काठ यांच्या गाडीचा आजचा फरक २.५ आहे. तो दीडच्या खाली आला की व्हॉल्व्ह काढायचा, तोवर हात लावायचा नाही. प्रत्येक खोलाखोलीत बोल्ट तुटण्याची, होज चिरण्याची शक्यता असतेच, ती विनाकारण का घ्यायची?

इंजेक्टर_काका
आकडे घेणं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी: निव्वळ शहरात चालणारी बीएस-४ गाडी ५०,०००ला एकदा उघडून बघावी, महामार्गावरची लाखाला. बघावी म्हणतोय. थर दोन मिलिमीटरच्या आत आणि दांडा मोकळा असेल तर नवं गॅस्केट घालून तशीच बंद करा.

नीरा_काठ
आकडे बुकात लिहिले. एक शेवटची शंका: कोड पुसल्यावर दिवा गेला, पण स्कॅनरवर ‘पेंडिंग’मध्ये पी०४०३ दिसतोय.

टॉर्कपाना
तो चाचणीत कपलर काढल्याचा. कपलरचं लॉक नीट बसल्याची खात्री करा. थंड इंजिनपासून पूर्ण गरम होईपर्यंतच्या तीन-चार फेऱ्यांत आपोआप जाईल. त्यानंतरही राहिला तर कपलरच्या पिना बघा, क्लीनर मारताना एखादी मागे सरकली असेल.